परण्याचा घोडा आणि एकतीस तारखा: ॲट्रॉसिटीच्या एका खटल्यात वस्तीने काय केलं

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव गाळलं आहे, तारखांऐवजी दिवस मोजले आहेत आणि अशाच दुसऱ्या प्रकरणांतले काही तपशील यात मिसळले आहेत. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, त्यामुळे भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता हे जुने कायदे लागले. जिथे गरज आहे तिथे नवं कलम सांगितलं आहे.

'द्वेषगुन्हा' या नावाचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेला खून (कलम १०३(२)) आणि गंभीर दुखापत (कलम ११७(४)) हे वेगळे गुन्हे धरले आहेत, एवढंच. जातीच्या द्वेषातून झालेल्या गुन्ह्यासाठी खरा आधार अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ हाच; बोलण्यात त्यालाच 'ॲट्रॉसिटी' म्हणतात. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यात कलम १५ए आलं. त्याच्या उपकलम १२ प्रमाणे पीडिताला सामाजिक कार्यकर्ते, संस्था किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क आहे. या प्रकरणात वस्तीने जे केलं ते सगळं या एका ओळीच्या आधारावर उभं होतं.

पार्श्वभूमी

गाव चार हजारांच्या आतबाहेर लोकवस्तीचं. बौद्ध वस्ती ४२ घरांची, ओढ्यालगत. जवळपास प्रत्येक घराची रोजी बागांवर: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड छाटणी, मध्ये विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), शेवटी माल उतरवणं. घरटी एखादी म्हैस, दूध गावातल्याच डेअरीला, किराणा उधारीवर. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्याच भावकीच्या बांधावर सकाळी आठला हजर व्हायचं, अशी ही रचना. पुढे जे घडलं त्यातला बराचसा भाग या एका वाक्यात आहे.

वस्तीतल्या एका मुलाचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो, तो परण्या. वस्तीतले परण्ये आधीही मारुतीपर्यंत गेले होते, पण पायी किंवा जीपमधून. या वेळी शेजारच्या गावातून भाड्याने घोडा आणला होता. साडेसहाच्या सुमाराला सोसायटीच्या चौकात आठ-दहा तरुणांनी वाजंत्री थांबवली. जातीवरून शिव्या दिल्या, "घोड्यावरून उतर" म्हणत नवरदेवाला खाली ओढलं. भाऊ मध्ये पडला, त्याच्या डोक्यात काठी बसली, चार टाके पडले. नवरदेवाच्या आईला ढकललं. घोडेवाल्यालाही दोन लागल्या. चौकात त्या वेळी किराणा दुकान उघडं होतं, डेअरीवर संध्याकाळचं दूध घालायला रांग होती.

अडचण कुठे कुठे होती

पहिली अडचण ठाण्यातच. फिर्याद रात्री पावणेदोनला लिहून झाली, तीत फक्त दंगल, मारहाण, शिवीगाळ, धमकी अशी साधी कलमं. ॲट्रॉसिटीबद्दल उत्तर मिळालं, "चौकशी करून मग लावू." कायद्याचं कलम १८ए नेमकं हेच मना करतं: गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी नको, अटकेला वरिष्ठांची मंजुरी नको. या कलमाचं मूळ शेजारच्याच सातारा जिल्ह्यात आहे. कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातल्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ ला अटकेपूर्वी चौकशी व मंजुरीचे निर्देश दिले. संसदेने त्याच वर्षी १८ए घातलं, न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला १८ए वैध ठरवलं. ठाण्यांतली सवय मात्र २०१८ च्या मार्चमध्येच अडकून पडली आहे.

दुसरी अडचण, दुसऱ्या दिवशी आलेली उलट फिर्याद: परण्यातल्या पोरांनी बाईमाणसाची छेड काढली म्हणून भांडण झालं. पाच नावं, त्यातली दोन मुलं मूळ गुन्ह्याची प्रत्यक्षदर्शी. साक्षीदाराला आरोपी केलं की तो साक्षीऐवजी स्वतःच्या जामिनाच्या मागे लागतो.

तिसरी, कागदांची. जखमी भावाच्या शाळेच्या दाखल्यावर जात म्हणून नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती आहेत, पण खटल्यात मूळ जात दाखवणारा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तो काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा हवा. आजोबांची कोतवाल बुकातली (जन्म-मृत्यूच्या जुन्या गावदप्तरातली) नोंद शोधण्यात तीन आठवडे गेले.

चौथी अडचण चौथ्या दिवशी आली आणि तिच्याकडे कुणी पुरेसं पाहिलं नाही. छाटणीला बोलावणं थांबलं. त्याकडे शेवटी परत येऊ, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे झाली.

कोणते पर्याय समोर होते

तिसऱ्या रात्री समाजमंदिरात बैठक झाली. एक बाजू म्हणत होती मिटवून घ्या. गावचे चार प्रतिष्ठित त्याच दुपारी येऊन गेले होते: नवरदेवाला पुन्हा घोड्यावर बसवून मारुतीपर्यंत नेऊ, दवाखान्याचा खर्च देऊ, गावातलं गावात ठेवा. या मुलखात १९४३ ते १९४६ दरम्यान स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी तंटे गावातच सोडवले, त्यामुळे या बोलण्याला वजन आहे. फरक असा की इथे मिटवायला आलेल्या चौघांपैकी तिघे आरोपींच्या भावकीतले होते. कायद्याच्या बाजूनेही हा गुन्हा सत्र न्यायालयात आपापसात मिटवता येण्यासारखा नाही. तडजोड झाली तर खटला रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे ती दबावाखाली झाली का हे तपासलं जातं. तोंडी तडजोडीचा व्यवहारातला अर्थ एकच: साक्षीदारांनी फितूर व्हायचं.

दुसरी बाजू मोर्चाची. तालुक्याच्या ठिकाणी रास्ता रोको, निवेदन, फोटो. त्याने अटक लवकर होते हे खरं, आणि या प्रकरणातही तहसीलवर निघालेल्या मोर्चानंतर दोन दिवसांत चार जणांना अटक झाली. पण मोर्चाची ताकद पहिल्या पंधरवड्यापुरती. निकाल ठरतो तो दीड-दोन वर्षांनी, जेव्हा साक्षीदार पिंजऱ्यात एकटा उभा असतो आणि बाहेर घोषणा द्यायला कुणी नसतं. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ साली एका दलित मुलाचा खून झाला तेव्हा राज्यभर निषेध झाले. २०१७ मध्ये खटला आला, साक्षीदार फितूर झाले, आरोपी सुटले. बैठकीत हे उदाहरण निवृत्त मुख्याध्यापकांनी काढलं आणि त्यानंतर चर्चेचा सूर बदलला.

तिसरा पर्याय, जिल्हाधिकाऱ्यांकडे आपल्या पसंतीचा ज्येष्ठ वकील मागायचा. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांतल्या नियम ४(५) खाली पीडिताने मागणी केल्यास तशी नेमणूक करता येते. यावर बराच वाद झाला. शेवटी मागणी न करण्याचं ठरलं, कारण नेमणुकीचा प्रस्ताव, मंजुरी, मानधनाचा आदेश यात महिने जातात आणि तोवर खटला पुढे सरकत नाही. नेमलेले विशेष सरकारी वकीलच ठेवायचे, त्यांच्या मदतीला फिर्यादीचा स्वतःचा वकील द्यायचा (जुनं कलम ३०१(२)), आणि बाकी सगळा भार कागद व साक्षीदार यांच्यावर टाकायचा असं ठरलं. सरकारी वकील काम टाळणारे असते तर हा निर्णय अंगाशी आला असता. इथल्या वकीलबाई फक्त कामाखाली दबलेल्या होत्या. एका वकिलाकडे साठ-सत्तर फायली असतात, हे ध्यानात न घेता त्यांच्यावर संशय घेत बसणं ही कार्यकर्त्यांची जुनी खोड आहे.

गट कसा बांधला

सात जणांचा गट झाला. वस्तीतल्या दोन बायका (एक बचत गटाची सचिव), निवृत्त मुख्याध्यापक, सांगलीचा एक तरुण वकील, कोर्टातून निवृत्त झालेला एक लिपिक, आणि गावच्या बहुसंख्य समाजातले दोघे. त्या दोघांपैकी एक चार एकरांचा बागायतदार. त्यांना घ्यायचं की नाही यावर मतं फाटली होती. "बैठकीतलं बाहेर जाईल" ही भीती रास्त होती. तोड अशी निघाली की साक्षीदारांची यादी आणि जबाब फक्त वकील व बचत गटाच्या सचिवाकडे राहतील. बागायतदाराने काय केलं तर छाटणीला वस्तीतल्याच बायका बोलावल्या आणि घोडेवाल्याच्या घरी दोनदा जाऊन आला. दोन्ही गोष्टी वस्तीतल्या कुणाला जमल्या नसत्या.

सगळ्यात उपयोगी पडला तो निवृत्त लिपिक. नक्कल कशी मागायची, रोजनामा (खटल्याच्या दर तारखेची कोर्टातली नोंद) कुठे पाहायचा, समन्स परत आलं तर ते कुणाच्या टेबलावर पडून असतं, ही माहिती वकिलाच्याही हाताशी नसते.

प्रत्यक्ष काय केलं

सहाव्या दिवशी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना दोन पानांचा अर्ज गेला. त्यात मागणी मोघम नव्हती. कलम ३(१)(आर) आणि (एस) म्हणजे लोकांच्या नजरेसमोर अपमान व जातिवाचक शिवी. ३(१)(झेडए)(बी), ज्यात लग्नाची मिरवणूक काढणं आणि मिरवणुकीत घोड्यावर बसणं यात आणलेला अडथळा शब्दशः लिहिलेला आहे. आणि ३(२)(व्हीए), म्हणजे परिशिष्टात दिलेले दंड संहितेतले साधे गुन्हे (इथे कलमं ३२३, ३२४, ३४१, ५०६) पीडिताची जात माहीत असताना केले तर ॲट्रॉसिटीखाली येतात. प्रत्येक कलमापुढे कोणती कृती आणि ती कुणी पाहिली हे लिहिलं. पहिली दोन कलमं पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी लावली होती. झेडए आणि व्हीए या अर्जानंतर आली. (व्हीए) राहून जाणं ही नेहमीची चूक. ती राहिली की शिवी सिद्ध न झाल्यास मारहाण साधी ठरते आणि जातीचा सगळा भाग खटल्यातून गळून पडतो.

त्याच दिवशी पुरवणी जबाबांची मागणी झाली. मूळ फिर्यादीत "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढंच होतं. न्यायालयात हे चालत नाही. नेमके शब्द कोणते, कोण बोललं, किती अंतरावर कोण उभं होतं आणि ऐकणाऱ्यांत घरचे-नात्यातले सोडून कोण होतं, हे लिहावं लागतं. 'लोकांच्या नजरेसमोर' हा मुद्दा त्यावरच टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये चार भिंतींच्या आत दिलेली शिवी या कलमात बसत नाही म्हटल्यापासून बचावाचा पहिला वार इथेच असतो. इथे जागा भर चौकातली होती, तरी त्रयस्थ माणूस हवा होता. तो घोडेवाला. वेगळ्या समाजाचा, वेगळ्या गावचा, कुणाशी भांडण नाही.

आरोपीला जात माहीत होती का, हा मुद्दा तुलनेने सोपा. कलम ८(सी) प्रमाणे आरोपीची पीडित कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. नऊपैकी सहा आरोपींकडे वस्तीतले लोक वर्षानुवर्षं कामाला जात होते, ते जबाबात आणलं. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत हेही सिद्ध करावं लागतं. त्यांच्या शाळेचे दाखले तपास अधिकाऱ्यांनीच मिळवायचे असतात. दोघांचे आलेच नाहीत.

तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं नियम ७ सांगतो. इथे पहिल्या तीन दिवसांचे जबाब आणि पंचनामा सहायक निरीक्षकाने केला होता. गटाने महत्त्वाचे सात जबाब उपअधीक्षकांकडून पुन्हा घ्यायला लावले. पंचनाम्याचं मात्र राहिलं. पंच गावातलेच, त्यातला एक आरोपीचा चुलतभाऊ निघाला आणि तो पुढे उलटला. पंच शासकीय कर्मचारी घ्या, असा एका ओळीचा अर्ज पहिल्या दिवशी दिला असता तर हे टळलं असतं.

पुराव्यात सर्वांत घाईचं काम सीसीटीव्हीचं. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) दहा दिवसांचंच चित्रण राहायचं, मग त्यावर नवं चढायचं. तिसऱ्या दिवशी पोलिसांना आणि सोसायटीच्या सचिवाला एकाच मजकुराचं पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. नवव्या दिवशी डीव्हीआर जप्त झाला. एक दिवस हाताशी ठेवून. त्याच चित्रणात उलट फिर्यादीत नावं असलेली दोन मुलं त्या वेळेला चौकाच्या दुसऱ्या टोकाला वाजंत्र्यांबरोबर दिसली. ती फिर्याद पुढे सी समरीत गेली, म्हणजे खरीही नाही, मुद्दाम खोटीही नाही असं धरून बंद झाली. वस्तीतले काही जण 'खोटी फिर्याद' म्हणून बी समरीचा आग्रह धरत होते. गटाने तो धरला नाही. फिर्याद देणारी बाई स्वतः ठाण्यात गेली की तिला नेलं, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं, आणि तिच्यावर कारवाई मागून मूळ खटल्याला काही मिळणार नव्हतं.

मोबाइलच्या दोन क्लिप होत्या. एक ज्या फोनवर काढली तो फोन जप्त झाला, कलम ६५बी चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडलं गेलं आणि ती न्यायालयाने स्वीकारली. दुसरी, जास्त स्पष्ट, जिच्यात शिवीचा शब्द नीट ऐकू येतो, ती फक्त व्हॉट्सॲपवर फिरलेली. मूळ फोन त्या मुलाने महिनाभरात विकला होता. प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक वादात स्पष्ट केलं आहे. क्लिप वाचली गेली नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग असतात आणि हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावं लागतं, म्हणून फोन जसाच्या तसा पोलिसांच्या ताब्यात देणं आणि पावती घेणं हाच सोपा मार्ग.

जामिनाच्या वेळी कलम १५ए कामाला आलं. अटकपूर्व जामिनाची सुनावणी आहे हे फिर्यादीला आदल्या संध्याकाळी फोनवर कळलं. पीडिताला वेळेवर सूचना देणं आणि त्याचं ऐकणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. त्या आधारे वकिलाने लेखी म्हणणं मांडायला मुदत मागितली, तीन दिवस मिळाले. फिर्यादीत नाव नसलेल्या दोघांना जामीन मिळाला, पाच जणांचा फेटाळला गेला. नंतर नियमित जामीन झाला तेव्हा 'दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत गावात यायचं नाही' ही अट आली. ती मागितल्यामुळे आली; आपोआप कुणी घालत नाही.

दंडाधिकाऱ्यांपुढचे जबाब (जुनं कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३) नऊ जणांचे मागितले, पाच जणांचे झाले. त्या पाचांपैकी एकही फितूर झाला नाही. चार जण उलटले ते सगळे उरलेल्यांतले: किराणा दुकानदार, पंच आणि आरोपींच्या शेतावर सालाने (वर्षाच्या ठरावावर) असलेली वस्तीतलीच दोन मुलं. त्या दोन मुलांना दोष देणं सोपं आहे. त्यांनी उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली होती, ती फेडल्याशिवाय साक्ष देणं म्हणजे घरदार उघड्यावर आणणं. गटाला उचलीची गोष्ट साक्षीच्या आदल्या आठवड्यात कळली.

साक्षीदार आणि तारखा

दोषारोपपत्र ७१व्या दिवशी गेलं; मुदत साठ दिवसांची. त्यानंतर आठ महिन्यांनी आरोप निश्चित झाले. खटला शक्यतो दोषारोपपत्रापासून दोन महिन्यांत संपवावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात घटनेपासून निकालापर्यंत दोन वर्षं सात महिने आणि ३१ तारखा लागल्या.

गटाकडे एक लांबट वही होती. रकाने असे: तारीख, कशासाठी, कोण हजर, तारीख का पडली, पुढची तारीख, आपण काय करायचं. वहीतून सातव्या महिन्यात दिसलं की तीन तारखा सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात अडकल्यामुळे गेल्या. विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घ्यायचा असतो. जानेवारीच्या आधी एका पानाचं टिपण जिल्हाधिकारी कार्यालयात दिलं, सरकारी वकिलांना आधी दाखवून. त्यांनीच त्यात एक ओळ घालायला सांगितली: दोन कोर्टांची तारीख एकाच दिवशी येते ती बदलून मिळावी. ती मिळाली.

समन्सचा घोळ वेगळाच. तीन समन्सं 'पत्त्यावर मिळून आले नाहीत' म्हणून परत आली. माणसं ऊसतोडीला सीमेपलीकडे कर्नाटकात गेली होती. दर तारखेच्या दहा दिवस आधी साक्षीदारांचे चालू पत्ते आणि फोन नंबर पैरवी हवालदाराला (ठाण्याचं कोर्टातलं काम पाहणाऱ्याला) लेखी द्यायला सुरुवात केली, मग हे थांबलं.

साक्षीच्या दिवशी सकाळी साडेआठला गावातून गाडी निघायची, कारण सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात अकराच्या पुकाऱ्याला एसटीने पोचणं भरवशाचं नाही. पहिल्याच साक्षीला उलटतपासणीत प्रश्न आला, "तुम्हाला इथे कुणी आणलं? गाडीत काय शिकवलं?" तेव्हापासून पद्धत बदलली. गटातला कुणी साक्षीदारांच्या गाडीत बसायचा नाही. दोन साक्षीदार एकत्र जबाब वाचायचे नाहीत. जबाब वाचून दाखवायचा तो सरकारी वकिलांनी, त्यांच्या कक्षात. गटाने फक्त न्यायालय कसं असतं ते सांगायचं: कुठे उभं राहायचं, प्रश्न कळला नाही तर 'कळला नाही' म्हणायचं, आठवत नसेल तर 'आठवत नाही'. साक्षीदाराला खोटं बोलायला पढवणं गुन्हा आहेच, पण पढवलेला साक्षीदार सगळ्यात आधी मोडतो हा व्यवहारही आहे.

नियम ११ प्रमाणे साक्षीदाराला प्रवासभाडं, जेवणखर्च आणि किमान वेतनाइतका रोज मिळतो. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितल्यावर पाच महिने लागले. तोवर गटाने दिवसाला ३५० रुपये आणि गाडी असा खर्च केला. सगळा मिळून खर्च ६८ हजार झाला, त्यात निम्म्याच्या आसपास प्रवास. वर्गणी वस्तीची आणि पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांची. प्रत्येक रुपया पावतीवर, कारण 'साक्षीदाराला पैसे दिले' हा आरोप येणारच होता, आणि आलाही. पावत्यांवर 'एसटी दराने भाडं, बुडालेला रोज' असं लिहिलेलं होतं, म्हणून तो तिथेच संपला.

घोडेवाल्याला दोनदा रस्त्यात अडवलं गेलं. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज केला. पोलिसांचा धोका अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत यायला हवा, एकोणीस लागले. मिळालं ते मर्यादित: गस्त आणि साक्षीच्या दिवशी पोलीस सोबत. ते पुरलं. त्याची उलटतपासणी दोन दिवस चालली आणि शिवीचा शब्द त्याने तसाच सांगितला.

अर्थसहाय्याचं थोडक्यात: (आर), (एस) साठी एक लाख, त्यात गुन्हा नोंदवल्यावर २५ टक्के, दोषारोपपत्रावर ५० आणि शिक्षेनंतर २५. पहिला हप्ता सात दिवसांत द्यायचा, तो ५८व्या दिवशी आला. अडलेलं होतं जातीच्या दाखल्यावर आणि पोलिसांकडून समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे न गेलेल्या प्रस्तावावर. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. तिच्या अशासकीय सदस्याला विषय लेखी, बैठकीच्या पत्रिकेआधी दिला तेव्हा तो चर्चेला आला. तोंडी सांगितलेला विषय इतिवृत्तात येत नाही.

निकाल

नऊपैकी चार दोषी. दोघांना (आर), (एस) आणि झेडए खाली एक वर्ष, चौघांना (व्हीए) सह मारहाण व अडवणुकीच्या कलमांखाली शिक्षा, दंडातून जखमीला भरपाई. पाच सुटले: दोघांच्या जातीचे दाखले नव्हते, तिघांची ओळख पक्की ठरली नाही. तेवीसपैकी चौदा साक्षीदार तपासले गेले. निकालपत्रात घोडेवाल्याच्या साक्षीला पाच परिच्छेद आहेत, स्वीकारलेल्या क्लिपला दोन.

बहिष्काराच्या आरोपातून सगळे सुटले.

वेगळं काय करता आलं असतं

चौथ्या दिवसापासून वस्तीतल्या तीस-बत्तीस बायकांना छाटणीला बोलावणं बंद झालं. आठव्या दिवशी डेअरीने 'फॅट लागत नाही' म्हणत अकरा घरांचं दूध परत केलं. पंधराव्या दिवसापर्यंत दुकानातली उधारी थांबली. कुणी ठराव केला नाही, दवंडी दिली नाही. गटाला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत राग ओसरेल. बोललो तर चिघळेल. पहिली लेखी तक्रार ३४व्या दिवशी गेली. पोलिसांनी कलम ३(१)(झेडसी), सामाजिक-आर्थिक बहिष्कार, लावलं, पण कोणी, केव्हा, कुणाला काय सांगितलं याचा पुरावा तेव्हा उरलेला नव्हता. मुकादमाने कोर्टात सांगितलं की त्या वर्षी बाहेरून टोळी आणली, ती स्वस्त पडली. खोडून काढायला काही नव्हतं.

खरं तर कागद होते. आदल्या तीन वर्षांच्या हजेरीच्या वह्या मुकादमाच्या बायकोकडे होत्या आणि ती पहिल्या आठवड्यात द्यायला तयार होती. डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलांवर फॅटचे आकडे छापलेले होते. आठव्या दिवशी तेच दूध तालुक्याच्या दुसऱ्या संकलन केंद्रावर मोजून पावती घेतली असती तर 'फॅट लागत नाही' हे तिथेच खोटं ठरलं असतं. दुकानाची उधारीची वही अर्धी वस्तीकडे असते. बोलावणं नाही म्हणून केलेल्या फोनची नोंद, कोण काय म्हणालं याची त्याच दिवशीची टिपणं, हे बचत गटाच्या वहीत दोन मिनिटांचं काम होतं. हे सगळं घेऊन दहाव्या दिवशी प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे आणि तहसीलदारांकडे जायला हवं होतं. नियम ६ प्रमाणे अधिकाऱ्यांची स्थळपाहणी तेव्हाच मागता आली असती. जुलै २०१७ पासून लागू असलेला राज्याचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदाही आहे. तो प्रामुख्याने जातपंचायतींसाठी ओळखला जातो, पण त्याखाली बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट इथे कुणी चाचपून पाहिली नाही.

फितूर झालेल्या दोन मुलांची उचल प्रत्येकी चाळीस हजारांच्या आत होती. ती फेडायला पैसे देणं म्हणजे साक्ष विकत घेणं ठरलं असतं, म्हणून गट तसं करू शकत नव्हता, आणि केलं नाही हे बरोबरच. पण बचत गटातून सगळ्यांसाठी असलेलं साधं कर्ज घटनेच्या पहिल्या महिन्यात, साक्षीचा विषय निघायच्या आधी, त्यांना मिळू शकलं असतं. आणि त्यांचे दंडाधिकाऱ्यांपुढचे जबाब पहिल्या पंधरवड्यात मागायला हवे होते. यादीत त्यांची नावं नवव्या आणि आठव्या क्रमांकावर होती. दंडाधिकाऱ्यांनी पाचावर थांबवलं.

न्यायालयाचं कामकाज चित्रित करण्याची कलम १५ए(१०) मधली तरतूद गटाने एकदाच, तोंडी मागितली. यंत्रणा नाही असं उत्तर आलं, विषय संपला. लेखी अर्ज दिला असता तर नकार रोजनाम्यात आला असता आणि वर दाद मागता आली असती.

सुटलेल्या तिघांविरुद्ध अपील करायचं ठरलं आहे. ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईचा प्रवास वाचला. निकालाच्या नकलेसाठी अर्ज त्याच दिवशी दिला, नव्वद दिवसांची मुदत वहीत लाल पेनाने लिहिली आहे. अर्थसहाय्याचा शेवटचा हप्ता अजून आलेला नाही. घोडेवाल्याच्या दोन दिवसांच्या भत्त्याचं बिल 'सही नाही' म्हणून परत आलं आहे, ते पुन्हा पाठवायचं आहे.